जागा कोणाची, कचरा कोणाचा?

सकाळी फिरायला बाहेर पडावे आणि कालपर्यंत मोकळ्या असलेल्या रस्त्याच्या वळणावर रातोरात टेम्पोभर कचरा येऊन पडलेला दिसावा, हा अनुभव आता मुंबई-पुण्याच्या वेशीपुरता राहिलेला नाही. फुटलेल्या लाद्या, गादीचा कापूस, कोंबड्यांची पिसे, थर्माकोल, कधी औषधांच्या रिकाम्या बाटल्या, असा हा ऐवज असतो. दोन दिवस चर्चा होते, कोणी छायाचित्रे काढतो, कोणी ग्रामपंचायतीत अर्ज देतो आणि पंधरा दिवसांनी त्या ढिगाच्या शेजारी दुसरा ढीग दिसू लागतो. उकिरड्याला फलक लागत नाही. पहिली पिशवी पडली की तीच दुसरीला वाट दाखवते.

अशा वेळी नागरिक तक्रार करत नाहीत असे नाही. पुष्कळदा तक्रारी होतात, पण त्या चुकीच्या दारी जातात. महिन्याभराने एका ओळीचे उत्तर येते, ‘सदर जागा या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ हे उत्तर चीड आणणारे असले तरी अनेकदा खरेही असते. म्हणून घराजवळच्या बेकायदा कचऱ्याविरुद्ध काही करायचे असेल तर कायद्याचे पुस्तक उघडण्याआधी दोन साध्या प्रश्नांची उत्तरे हवीत. ही जागा कोणाची? आणि हा कचरा कोणत्या जातीचा?

पहिला प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. चिपळूण तालुक्यातील अलोरे या गावाचेच उदाहरण घेऊ. सह्याद्रीच्या पायथ्याशी, कुंभार्ली घाट उतरल्यावर लागणारा हा परिसर. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचे ३२० मेगावॉटचे वीजगृह येथे आहे आणि त्या निमित्ताने येथे शासकीय वसाहत उभी राहिली. प्रकल्पाची बांधकामे सरली, कर्मचारी पांगले, आणि अशा वसाहतींत जे सर्वत्र घडते ते येथेही घडले: वापर कमी झाला, पण मालकी सरकारचीच राहिली. एकाच गावाच्या परिसरात प्रकल्पासाठी संपादित झालेली जमीन, वन विभागाची जमीन, खासगी वरकस जमीन, गावठाण, गुहागर-विजापूर राष्ट्रीय महामार्गाची हद्द आणि नदी-पऱ्यांचे पात्र असे तुकडे एकमेकांना लागून असतात. कचरा टाकणाऱ्याला या हद्दी ठाऊक नसतात. त्याला निर्जन वळण आणि वाहन उभे करण्यापुरती जागा पुरते. तक्रारदाराला मात्र त्या ठाऊक असाव्या लागतात. ढीग रस्त्याच्या हद्दीत दहा फूट आत असेल तर अर्ज एका कार्यालयात, आणि दहा फूट बाहेर, झाडीत असेल तर दुसऱ्याच कार्यालयात!

हे शोधणे पूर्वी कटकटीचे होते, आता तुलनेने सुलभ आहे. सातबारा उतारा आणि गावाचा नकाशा महसूल विभागाच्या संकेतस्थळांवर पाहता येतो. मोबाइलने जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवून ठेवावेत, जवळची खूण (पूल, किलोमीटरचा दगड, विजेच्या खांबाचा क्रमांक) लिहावी आणि गट क्रमांकाविषयी शंका असेल तर तलाठ्यांना विचारावे. तलाठ्यांचे पदनाम आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले आहे आणि ग्रामसेवकांचे ‘ग्रामपंचायत अधिकारी’. गावात कोणी त्यांना या नावाने हाक मारत नसले तरी अर्जावर ते लिहिलेले बरे.

जागेचा मालक खासगी असेल तर त्याच्याशी आधी बोलावे. तो मुंबईला असतो, गणपती-शिमग्याला येतो आणि आपल्या कलमांच्या बाजूला राडारोडा पडला आहे हे त्याला ठाऊकच नसते, असे कोकणात वारंवार घडते. हे वाचणाऱ्या शहरवासीयांपैकी काहींची गावाकडची जमीन आजही अशीच बिनकुंपणाची पडून असेल. अशा मालकाची स्वतःची लेखी तक्रार पोलीस ठाण्यात गेली तर तिचे वजन शेजाऱ्याच्या तक्रारीपेक्षा अधिक असते, कारण मग तो परवानगीविना आपल्या जमिनीत शिरण्याचा आणि नुकसानीचाही प्रश्न होतो.

आता कचऱ्याच्या जातीकडे वळू. घरगुती केरकचरा, बांधकामाचा राडारोडा, कोंबडी-मटण दुकानांतील अवशेष, दवाखान्यातील कचरा आणि कारखान्यातील घातक कचरा यांच्यासाठी वेगवेगळे नियम आहेत. पहिल्या तीन प्रकारांत स्थानिक स्वराज्य संस्था पुढे असते. शेवटच्या दोहोंत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाचारण केलेच पाहिजे, आणि मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय चिपळुणातच आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत जवळ असलेल्या या पट्ट्यात ही बाब दुय्यम नाही. उग्र वासाची पिंपे, रंगीत चिखल, पऱ्याच्या पाण्यावर आलेला फेस किंवा एकाएकी मेलेले मासे दिसले तर हात लावू नये. जवळही जाऊ नये. लांबून छायाचित्र घ्यावे आणि पोलीस व मंडळ या दोघांना त्याच दिवशी कळवावे, कारण वाहत्या पाण्यातील पुरावा दुसऱ्या दिवशी उरत नाही.

दवाखान्यातील कचऱ्याची गोष्ट निराळी आहे. सुया, सलाइनच्या नळ्या, रक्ताळलेला कापूस हा कचरा साध्या कचऱ्यात टाकण्यास १९९८ च्या नियमांपासून मनाई आहे. २०१६ च्या नियमांनी त्याच्या पिशव्यांवर बारकोड लावण्याचे बंधन घातले. म्हणजे पिशवी अस्सल असेल तर ती कोणत्या रुग्णालयातून निघाली हे शोधता येते, आणि नियम न पाळता साध्या पिशवीत भरलेली असेल तर तोच वेगळा गुन्हा ठरतो. तेव्हा ‘घाण पडली आहे’ एवढेच न लिहिता ‘वापरलेल्या सुया पडल्या आहेत’ असे लिहावे. या एका वाक्याने अर्ज दुसऱ्या टेबलावर जातो.

घरगुती किंवा दुकानी कचऱ्यात टाकणाऱ्याचे नाव अनेकदा कचऱ्यातच असते. वीजबिल, कुरिअरचे वेष्टन, दुकानाच्या छापील पिशव्या, पावतीपुस्तकाची पाने हाती लागतात. मात्र उत्साहाच्या भरात स्वतः ढीग उपसून ही कागदपत्रे घरी नेऊन ठेवू नयेत. नंतर ती कोठून आली हे सिद्ध करता येत नाही. ग्रामपंचायतीचे कर्मचारी किंवा पोलीस यांच्या समक्ष, दोन पंचांच्या सह्यांनी पंचनामा व्हावा आणि कागद त्यात नमूद व्हावेत. अलोऱ्याच्या परिसरासाठी अलोरे-शिरगाव हे पोलीस ठाणे आहे. टेम्पोचा क्रमांक कोणी पाहिला असेल तर वेळेसह त्याचा जबाब. रात्री एकट्याने वाहन अडवण्याचा पराक्रम करू नये. कचरा टाकण्याचे पैसे घेऊन आलेला माणूस आणि संतापलेला गावकरी यांची अंधारातली गाठ चांगल्या तऱ्हेने संपतेच असे नाही.

अर्ज कोणत्या आधारावर करायचा? ग्रामीण भागात पहिली जबाबदारी ग्रामपंचायतीची. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ४५ आणि त्यासोबतची ग्रामसूची यांत स्वच्छता, केरकचऱ्याचे ढीग हलवणे, उपद्रवाचे निवारण, एवढेच नव्हे तर मेलेल्या बेवारस जनावरांची विल्हेवाटही येते. पण त्याच कलमात एक पळवाटही दडलेली आहे. ही कर्तव्ये ग्रामनिधी पुरेल त्या मर्यादेत पार पाडायची आहेत. ‘निधी नाही’ हे उत्तर त्यामुळे तोंडपाठ असते.

या उत्तराचा समाचार सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच घेतला होता. मध्य प्रदेशातील रतलाम शहरात एका वस्तीतून उघडी गटारे वाहत होती, मद्यार्काच्या कारखान्याचे सांडपाणी त्यात मिसळत होते आणि नगरपालिका पैसे नाहीत म्हणून हात वर करीत होती. रहिवासी दिवाणी दावा न लावता दंडाधिकाऱ्यांकडे गेले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश त्यांनी मागितला, तो मिळाला, आणि नगरपालिका थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली तरी तो टिकला. ‘रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्धीचंद’ या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की वैधानिक कर्तव्य असलेल्या संस्थेला तिजोरी रिकामी असल्याचे कारण पुढे करून नागरिकांच्या आरोग्याकडे पाठ फिरवता येत नाही. तो निकाल नगरपालिकेविषयीचा होता आणि ग्रामपंचायतीच्या कायद्याची शब्दरचना वेगळी आहे, हे मान्य. परंतु उपद्रव दूर करण्याचा दंडाधिकाऱ्याचा अधिकार दोन्हीकडे सारखाच लागू होतो.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि जुने कलम १३३ आता कलम १५२ झाले. जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी (म्हणजे आपले प्रांताधिकारी) किंवा खास अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांना पोलिसांच्या अहवालावरून अथवा अन्य माहितीवरून, म्हणजे तुमच्या अर्जावरूनही, सशर्त आदेश काढता येतो. ज्याच्यामुळे उपद्रव झाला किंवा ज्याच्या ताब्यात ती जागा आहे त्याने अमुक मुदतीत तो दूर करावा, नाही तर हजर राहून कारण दाखवावे, असे त्याचे स्वरूप असते. रीतसर काढलेल्या या आदेशाला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही. माझ्या मते घराजवळच्या कचऱ्याविरुद्ध सामान्य नागरिकाच्या हाती असलेले हे सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरले जाणारे साधन आहे. वकील लागतोच असे नाही. जागेचा तपशील, छायाचित्रे, आधी केलेल्या तक्रारींच्या पोच आणि पाच-दहा शेजाऱ्यांच्या सह्या असल्या म्हणजे पुरे.

त्याच्या तुलनेत शिक्षेची कलमे अगदीच मिळमिळीत आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ नुसार सार्वजनिक उपद्रवाला जास्तीत जास्त १,००० रुपये दंड आहे. पूर्वीच्या दंड संहितेत तो २०० रुपये होता! सार्वजनिक झऱ्याचे किंवा जलाशयाचे पाणी घाण करणाऱ्याला कलम २७९ खाली कैदही होऊ शकते, ते थोडे जड. ट्रकभर राडारोडा योग्य जागी नेण्याचा खर्च जर दंडापेक्षा जास्त असेल तर व्यवहारी माणूस काय करील, हे सांगायला नको. राज्याच्या २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत मात्र पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी चढती भाजणी आहे. ढिगात बंदी असलेल्या पिशव्या असतील तर त्याचाही उल्लेख अर्जात करावा.

घनकचरा व्यवस्थापनाचे नियम प्रथम २००० मध्ये आले, ते नगरपालिकांपुरतेच होते. २०१६ च्या नियमांनी कक्षा वाढवली आणि आपला कचरा रस्त्यावर, उघड्या सार्वजनिक जागेत, गटारात वा पाण्यात टाकण्यास, जाळण्यास किंवा पुरण्यास कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकाला स्पष्ट मनाई केली. त्यांच्या जागी आलेले २०२६ चे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले असून ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा अशी चार प्रकारची वर्गवारी त्यांत आहे.

जाळण्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण ढीग दिसला की काडी लावणे हा आपल्याकडचा सर्वांत आवडता उपाय आहे. सद्हेतूने केलेला असला तरी तो स्वतःच गुन्हा आहे. अलमित्रा पटेल यांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली आणि साध्या प्रसंगी ५,००० तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. शिवाय आगीत कागद आणि बिले आधी जळतात, म्हणजे पुरावाच जातो. पीव्हीसीचा विषारी धूर मात्र शेजारच्या वाडीत जातो.

हे सगळे एका ढिगासाठी कशाला, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर पाण्यात आहे. कोयनेचे पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून येते, कोळकेवाडीच्या जलाशयात साठते, अलोऱ्याच्या टर्बाइनमधून जाते आणि अवजल म्हणून वाशिष्ठीला मिळते. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यास मुभा दिलेल्या वार्षिक ६७.५ टीएमसी पाण्याची ही वाट आहे. उन्हाळ्यात कोकणातल्या इतर नद्यांना कोरड पडते तेव्हाही वाशिष्ठी वाहती असते ती या अवजलामुळे, आणि चिपळूण शहराचा पाणीपुरवठा याच नदीवर उभा आहे. घाटाच्या पायथ्याशी पऱ्यात टाकलेली पिशवी त्यामुळे गावकीचा खासगी प्रश्न राहत नाही. त्यात आपला जांभा दगड सच्छिद्र. ढिगातून झिरपलेले काळे पाणी त्यातून खाली उतरते आणि उताराच्या विहिरीत निघते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, पुढचे काही आठवडे शहर चिखल आणि भिजून सडलेल्या मालाच्या ढिगांखाली होते आणि तो उपसायला इतर शहरांतील महापालिकांची पथके आणावी लागली. त्या पुराचे कारण कचरा होते असे मुळीच म्हणायचे नाही. पण पऱ्यांची आणि मोऱ्यांची तोंडे तुंबली की पाऊस आपली वाट रस्त्यावरून आणि घरांतून काढतो, हे त्या गावाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आता एक अवघड प्रश्न. ढीग उचलला, पण नेला कोठे? बहुतेक वेळा उत्तर असते, दुसऱ्या गावाच्या हद्दीत. शहरांनी हेच मोठ्या प्रमाणावर केले आहे. पुण्याचा कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीने वर्षानुवर्षे सोसला. औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) कचरा नारेगावने घेतला. २०१८ च्या फेब्रुवारीत त्या ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या तेव्हा सगळे शहर कचऱ्याने भरले आणि मार्चमध्ये मिटमिटा येथे दगडफेक, जाळपोळीपर्यंत गोष्टी गेल्या. ज्यांच्या दारात कचरा पडतो ते हटवादी आणि ज्यांचा तो कचरा ते मात्र समंजस, हा आपला शहरी समज तपासून पाहण्याजोगा आहे.

याउलट कोकणातच वेंगुर्ल्याचे उदाहरण आहे. तेथील नगरपरिषदेने, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, कचरा घराघरांतून वेगळा करून घेण्याची शिस्त लावली, ओल्यापासून खत व बायोगॅस केला, सुका निवडून विकला आणि जुनी कचराभूमी लोक पाहायला येतील अशी जागा करून दाखवली. गाव लहान होते म्हणून जमले, असे म्हणतात. मग अलोऱ्यासारखी गावे तर त्याहून लहान आहेत. पैशाचे म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाने २०२० ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानाचा मोठा हिस्सा पाणी व स्वच्छता यांसाठीच बांधलेला होता, आणि स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंतची तरतूद होती. रक्कम डोळे दिपवणारी नाही. पण आपल्या गावात ती किती आली आणि कशावर गेली, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत विचारता येते. ‘निधी नाही’ या उत्तरावरचा पुढचा अर्ज हाच असावा.

दंडाधिकाऱ्यांकडूनही काम झाले नाही किंवा प्रकरण पाण्याच्या मोठ्या प्रदूषणाचे असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पुण्यातील पश्चिम विभागीय पीठ आहे. तेथे मुदत महत्त्वाची. तंट्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावे लागते, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांत. तक्रारींच्या पोच जपून ठेवायच्या त्या यासाठीही.

ढीग एकदा उचलला गेला की त्याच आठवड्यात त्या जागेचे रूप बदलावे. रस्त्याकडेला जांभ्याचे दोन-चार मोठे चिरे ठेवले तरी टेम्पो मागे घेता येत नाही. एक दिवा लावून घ्यावा आणि झुडपे तोडून वळण दुरून दिसेल असे करावे. कॅमेरा नुसता लावून भागत नाही, त्यातले चित्रण कोण पाहणार हे ठरलेले असावे लागते.

कोकणात या सगळ्याला एक पंचांगही आहे. १ मेच्या ग्रामसभेत चाकरमानी सुट्टीवर आलेले असतात, उपस्थिती बरी असते. त्या सभेत जागेच्या गट क्रमांकासह ठराव करून घेतला, त्याची प्रत दुसऱ्याच दिवशी प्रांताधिकाऱ्यांकडे आणि संबंधित विभागाकडे दिली, तर मृगापर्यंत पाच आठवडे मिळतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर उचलायला ढीग शिल्लक राहत नाही. तो वाशिष्ठीत गेलेला असतो.